डाव्या बोल्टची रायफल

लॅन्सिंग,
४ ऑगस्ट २०१६

प्रिय आर्वो मामा,

पावणेतीन वर्षं झाली, मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. नाताळची कार्डं पाठवली, पण त्यांत छापलेलं होतं तेवढंच, खाली माझं नाव. त्याला पत्र म्हणत नाहीत. माफी मागायची असं बरेच महिने स्वतःला बजावते आहे, आज मागते. कारणं देत नाही. दिली तर ती खरी आहेत का हे तपासत बसेन आणि हे पत्रही आधीच्या चार पत्रांसारखं टेबलाच्या खणात पडेल.

फोन करता आला असता. पण तू फोनवर "हं" आणि "बरं" यापुढे जात नाहीस. आणि आई तुला दर महिन्याला पत्रच लिहायची. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे यायला हवं होतं.

तर, विचारायचं हे आहे. मला एक रायफल घ्यायची आहे. (आधी हसून घे.) इथल्या एका दुकानात स्वस्तातली बोल्टची रायफल आहे, दर गोळीला दांडी हातानं मागेपुढे ओढायची तसली. काळा प्लॅस्टिकचा दस्ता, वर दुर्बीण आधीच बसवलेली, सगळं मिळून चारशे डॉलरच्या आत. फक्त त्यांच्याकडे सध्या डाव्या बाजूच्या बोल्टची आहे. दुकानदार म्हणाला, "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"आत्ता पेन तुमच्या उजव्या हातात आहे."

"शिकेन मी डाव्यानं."

"बाई, लोक शिकायला पियानो घेतात."

तरीही मी ती हातात घेऊन पाहिली. हलकी आहे, जरा खेळण्यासारखी वाटते. बोल्ट खरखरतो. एवढ्या स्वस्त रायफलीवर भरवसा ठेवावा का? शंभर यार्डांवर नेम धरेल का? की दोन हंगामांनंतर पस्तावायची पाळी येईल? तुझ्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळत नाही. इथे मी ज्यांना विचारलं त्यांनी मला किंमत सांगितली, उत्तर नाही.

माझं बरं चाललंय. मोजणी खात्यातच आहे, जुन्या नकाशांतल्या दुसऱ्यांच्या चुका शोधते.

तुझी,
आयली

—

टॅमरॅक क्रीक,
१५ ऑगस्ट

आयली,

पत्र मिळालं. तुझं अक्षर मुंगीच्या पायांसारखं झालंय. मोठं लिही, काळ्या शाईनं, एक ओळ सोडून. माझ्या स्वयंपाकघरातला दिवा बेकार आहे.

पावणेतीन वर्षांनी भाचीला मामा आठवला, तोही बंदुकीच्या चौकशीसाठी. तुझी आई हेल्मी असती तर म्हणाली असती, आठवला ना, मग गप्प बस. म्हणून गप्प बसतो.

आता रायफल. हरीण किंमत विचारत नाही, हे पहिलं. मी लहान होतो तेव्हा स्वस्त बंदूक म्हणजे स्वस्त नळी, आणि गोळी कुठे जाईल ते देवाला ठाऊक. आता चारशेची नळीही सरळ असते. पैसे वाचवतात ते दस्त्यात, मॅगझीनमध्ये आणि वरच्या पॉलिशमध्ये. तू नळी आणि चाप बघ. बाकी शोभा.

दस्ता प्लॅस्टिकचा, म्हणजे वाकणार. कागदाची एक पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामध्ये घाल आणि मागेपर्यंत ओढ. अडकली तर दस्ता नळीला टेकतोय, घेऊ नकोस. सरकली तर घे. बोल्ट सुरुवातीला रेतीतून ओढल्यासारखा चालतो. रेडिओ लावून दोनशे वेळा मागेपुढे कर, गप्प होईल.

सोबत येणारी दुर्बीण तिच्या किमतीइतकीच असते. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. सकाळी आतून धुकं धरलेलं दिसलं तर दुकानदाराच्या टेबलावर नेऊन आपट. आणि दुकानात आवळलेल्या स्क्रूवर विश्वास ठेवू नकोस. सगळे सोड, तेल पूस, परत आवळ, मनगटानं नाही, दोन बोटांनी. निम्म्या लोकांचा नेम चुकलेला नसतो, स्क्रू ढिला असतो.

ती डाव्या बोल्टची काय भानगड आहे? तू उजवी, तुझी आई उजवी. आपल्या घरात डावा मी एकटा, आणि मीसुद्धा जन्मभर उजव्या बोल्टचीच वापरली, हात वरून आडवा टाकून. दुकानदाराची खपत नाही म्हणून तो तुझ्या गळ्यात मारतोय. उजवी मागवून घे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. मी आता शिकारीला जात नाही. माझी रायफल जूनमध्ये विकली. गावातल्या दुकानात ठेवली आणि तिसऱ्या दिवशी गेली. तू शिकारीच्या कॅम्पवर आली होतीस त्याच्या पुढच्या वर्षी मी एका मादीला पोटात गोळी मारली. खांद्यामागे बसायला हवी ती पोटात बसली. ती देवदारांच्या दलदलीत शिरली. मी आणि कॅम्पवरचा क्लेम दोन दिवस रक्ताच्या मागावर होतो. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि माग बुजला. आठवड्यानं कावळे घिरट्या घालताना दिसले तेव्हा ती कुठे होती ते कळलं. एवढ्या लांब गेली म्हणजे बराच वेळ जिवंत होती.

ज्याचा नेम गेला त्यानं रानात जाऊ नये. संपलं.

मोठं लिही.
आर्वो

—

लॅन्सिंग,
२९ ऑगस्ट

प्रिय मामा,

सांगितलंस तसं मोठं लिहिते आहे. सोबतच्या खोक्यात टेबलावरचा दिवा आहे. त्याची मान वळते, हवा तिथे उजेड पाडता येतो. तुझा तो छताचा दिवा मी शाळेत होते तेव्हाही बेकारच होता.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. स्क्रूच्या ओळीपाशी दरवेळी थांबले. आता सांगते, आणि मध्ये कुठेही स्वतःची बाजू मांडायची नाही असं ठरवून सांगते.

रायफल माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. क्लेमनं जुलैमध्ये एक पोस्टकार्ड टाकलं होतं: "आर्वोनं रायफल विकली. दिवसभर खिडकीशी बसतो. तू मेलीस की काय?" त्या दिवसापासून मी दुकानं हिंडते आहे. महागडी घेतली असती तर तू परत पाठवली असतीस. म्हणून स्वस्त. आणि डावी, कारण तुझ्या आयुष्यात एकदा तरी बोल्ट तुझ्या हाताच्या बाजूला असावा.

आणि हे का, ते आता.

१४ नोव्हेंबर २०१३. दुपारी कॅम्पवर ट्रकमधून सामान काढताना मी म्हटलं, रायफल मी घेते. तू म्हणालास, "बाळासारखी धर." ओढ्यावरच्या फळीवर बर्फाचा पापुद्रा होता. मी पडले. मला लागलं नाही, कारण मी रायफलीवर पडले. दुर्बीण दगडावर आपटली. तू मागे सरपण फोडत होतास, क्लेम आत कांदा चिरत होता. कुणी पाहिलं नाही. मी मफलरनं बर्फ पुसला आणि रायफल खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साठ यार्डांवर उभ्या असलेल्या नराला तू दोन गोळ्या मारल्यास. दोन्ही चुकल्या.

नेम चुकलेल्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून कॅम्पच्या भिंतीला ठोकायचं, हा तुमचा रिवाज. त्या भिंतीवर सगळ्यांची टोकं होती, तुझं नव्हतं. क्लेम कात्री घेऊन उभा राहिला.

"आर्वो, वळ. बाईमाणूस आहे म्हणून लाजू नकोस."

"चांगला शर्ट आहे रे. हेल्मीनं दिलेला."

"मग सरळ कापतो."

सगळे हसले. तूही हसलास. मग म्हणालास, "हेल्मी गेल्यापासून डोळ्यांपुढे धुकं येतं." आणि सगळे गप्प झाले. त्या गप्प क्षणात मी बोलायला हवं होतं. मी क्लेमला हातोडी दिली.

मी रोज डायरी लिहिते, तुला माहीत आहे. त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे: "कडाक्याची थंडी. वारा वायव्येचा. संध्याकाळी बर्फ." आमच्या खात्यात नकाशात चूक सापडली की लाल शाईनं, तारीख घालून, सही करून नोंदवावी लागते. माझ्याकडे लाल शाईच्या बाटल्या भरून आहेत.

मग लाजेनं लिहिलं नाही, आणि लिहिलं नाही म्हणून लाज वाढत गेली. त्याच दुर्बिणीनं पुढच्या वर्षी तू त्या मादीवर नेम धरलास. म्हणजे ती मादीही माझ्याकडेच लागते. आणि म्हणजे तुझा नेम गेलेला नाही, मामा. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तू दोन वर्षं स्वतःला उगाच शिक्षा केलीस.

कागदाची पट्टी न अडकता सरकली. रायफल मी घेतली आहे. पंधरा नोव्हेंबरला हंगाम उघडतो. तू हो म्हणालास तर तेरालाच घेऊन येते.

आयली

—

लॅन्सिंग,
३० सप्टेंबर

प्रिय मामा,

महिना झाला, उत्तर नाही. तू रागावला असशील. रागवायलाच हवं. पण रागाच्या दोन ओळी तरी लिही. खोकं पोचल्याची पावती माझ्याकडे आली आहे, म्हणजे पत्रही पोचलं असणार.

वाट बघताना हातांना काम हवं म्हणून तू सांगितलेलं सगळं केलं. रेडिओ लावून बोल्ट दोनशे वेळा फिरवला, आता तो नीट चालतो. दुर्बीण फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या पाकिटाशेजारी ठेवली. धुकं धरलं नाही. स्क्रू सोडले, पुसले, दोन बोटांनी आवळले.

मग चार शनिवार नेमबाजीच्या मैदानावर गेले. रायफल तुझी आहे, तर नेमही तुझ्या बाजूनं लावावा, म्हणून डाव्या खांद्याला लावून, डावा डोळा दुर्बिणीला. पहिल्या दिवशी गोळ्या शेजाऱ्याच्या पुठ्ठ्यावर गेल्या. तिथला म्हातारा रखवालदार मागे येऊन उभा राहिला.

"बाई, चुकीच्या खांद्याला लावलीय तुम्ही."

"माहीत आहे."

"मग?"

"ज्याची रायफल आहे त्याचा खांदा तो आहे."

"मग तो कुठाय?"

"पत्राला उत्तर देत नाहीये."

थोड्या वेळानं त्यानं वाळूची एक पिशवी आणून माझ्या डाव्या कोपराखाली सरकवली. तिसऱ्या शनिवारपर्यंत खांदा काळानिळा झाला होता. चौथ्या शनिवारी शेवटच्या तीन गोळ्या शंभर यार्डांवरून अशा बसल्या की एका अंगठ्याखाली झाकतील. दुसऱ्याच्या डोळ्यानं लावलेला नेम मालकाला पुन्हा थोडा जुळवावा लागतो असं वाचलंय. तेवढं तू करशील.

तो भोकं पडलेला कागद सोबत ठेवते आहे.

आयली

—

टॅमरॅक क्रीक,
९ ऑक्टोबर

आयली,

हे क्लेम लिहितोय. आर्वो खुर्चीत बसून सांगतोय, मी उतरवतोय. मला वाटेल तिथे मी माझंही घालणार, त्याला दिसणार नाही. त्यानं मला आधी हेच लिहायला सांगितलंय, म्हणून इथून पुढे तो.

दिवा चांगला आहे. आधीचाही चांगला होता. माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेनं दिसतं. तू समोर उभी राहिलीस तर तुला बघायला मला तुझ्या शेजारच्या भिंतीकडे बघावं लागेल. डॉक्टर म्हणाला, दोन्ही डोळे, वयानं होतं, गेलेलं परत येत नाही. (क्लेम: मला हे मार्चमध्ये कळलं, तेही त्यानं कॉफी कपाच्या शेजारी ओतली म्हणून.)

तुझं ऑगस्टअखेरचं पत्र मी एकट्यानं वाचलं. भिंग घेऊन, शब्दाशेजारी बघत, एकेक शब्द. सहा दिवस लागले. "पडले" हा शब्द लागला तिथे एक दिवस थांबलो. ते पत्र क्लेमला वाचायला दिलं नाही, ते तुझं नि माझं होतं. पण उत्तर लिहायला बसलो तर ओळीवर ओळ चढायला लागली. पहिलं पत्र जमलं होतं तेच नशीब. शेवटी परवा तुझं पुढचं आलं तेव्हा याला बोलावलं आणि तू रायफल घेऊन पडलीस तेवढं सांगितलं. (क्लेम: म्हणजे मला शर्टाचं आत्ता कळतंय. आयली, ते टोक भिंतीवरून काढून पुन्हा शिवून देऊ का?)

गप्प रे. लिही.

मला शर्ट कापला त्याच रात्री कळलं होतं. तुम्ही झोपल्यावर रायफल पुसत होतो. दुर्बिणीच्या पुढच्या कडेवर बोटाला खरवड लागली. माझ्याशिवाय त्या दोन दिवसांत तिला तू एकटीनंच हात लावला होतास. रविवारी तू गेलीस. सोमवारी मी खडीच्या खाणीत जाऊन तीन गोळ्या मारल्या. वीतभर खाली आणि डावीकडे. दुर्बीण फिरवून जुळवली, आणखी तीन मारल्या. बरोबर मध्ये. तेव्हा पुढच्या वर्षी रायफल सरळ होती, आयली. ती मादी माझी आहे.

त्या पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापासूनच मला मधे डाग दिसायला लागला होता. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी मला कॅम्पवर येऊ दिलं नसतं. (क्लेम: दिलं असतं. भांडी घासायला.) ती मादी उभी होती तिथे मला राखाडी ठिपका दिसत होता. खांदा कुठे असतो ते मला पाठ आहे, म्हणून चाप ओढला. दिसत नसताना ओढला. तू पडलीस तो अपघात होता. हे मी जाणूनबुजून केलं. तू तुझं ओझं माझ्या ओझ्यावर ठेवून दोन्ही उचलायला बघतेस. माझं खाली ठेव.

दुसरं. मी वाट बघत होतो. रायफलीची नाही, तुझ्या पत्राची. तू सांगशील असं वाटायचं. आपणच लिहावं, पोरी, मला माहीत आहे, ये, म्हणून दोनदा पेन घेतलं. मग वाटायचं, तिनं सांगायचं आहे, आपण का हिसकावून घ्यायचं. आमचं घराणं असंच हट्टी. हेल्मी असती तर दोघांच्याही डोक्यात झारा घातला असता.

तू त्या पहिल्या हिवाळ्यात आली असतीस तर मला सगळं दिसत होतं. तुझा चेहरा नीट बघून ठेवला असता. आता मनात आहे तो त्या रात्रीचा आहे, तू क्लेमला हातोडी देत होतीस तेव्हाचा. आणि तो चेहरा चांगला नव्हता गं.

(क्लेम: इथे आम्ही थांबलो. मी कॉफी गरम केली.)

रायफलीचं. घेण्यासारखी आहे का असं विचारलं होतंस. आहे. तुझ्या कागदावरून बोट फिरवलं, तीन भोकं, अंगठ्याखाली झाकली. माझ्या जुन्या रायफलीनं ती नवी असताना याहून बरं केलं नव्हतं. नळी चांगली निघाली आणि नेम लावणारीही. पण मला नको. आंधळ्याच्या घरात भरलेली हौस टांगून ठेवायची नसते. परत कर, नाहीतर एखाद्या डाव्या माणसाला दे. त्याचं नशीब.

नोव्हेंबरात मी कॅम्पवर जाणार नाही. इथेच असेन.

आर्वो

हे आता मी, क्लेम. हे त्याला वाचून दाखवलेलं नाही. तुझा तो भोकांचा कागद त्यानं खिडकीच्या काचेला चिकटवलाय. सकाळी ऊन त्या तीन भोकांतून येतं आणि तो मान वाकडी करून ते कडेनं बघत बसतो. मी विचारलं काय दिसतंय, तर म्हणाला, "नेम."

—

लॅन्सिंग,
२२ ऑक्टोबर

प्रिय मामा,

आज सकाळी रायफल दुकानात परत नेली. दुकानदारानं मला ओळखलं.

"पियानो जमला नाही वाटतं?"

"जमला. पण ज्याला ऐकवायचा होता त्याला नको आहे."

तो एकदम गंभीर झाला. वापरलेली रायफल नवी म्हणून घेता येत नाही, जुन्यांच्या रांगेत ठेवतो म्हणाला. मी म्हटलं, ठेवा, पण चिठ्ठी मी लिहिणार. ती चापापाशी दोऱ्यानं बांधली: "शंभर यार्डांवर नेम लावलेला आहे. नेम उजव्या बाईनं डाव्या खांद्यानं लावला आहे. एकदाही पडलेली नाही." दुकानदारानं ती वाचली आणि शेवटच्या वाक्याची गरज आहे का विचारलं. मी म्हटलं, आहे.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. मी ऑगस्टमध्ये कबुली दिली ती मोठ्या धैर्यानं दिली असं मला तेव्हा वाटलं होतं. डायरीत तसं लिहूनही ठेवलं. आज ते पान वाचलं आणि स्वतःचीच शरम वाटली. कारण मला दोषी व्हायचं होतं, मामा. दोष माझा ठरला असता तर तुझे डोळे शाबूत ठरले असते आणि सगळं चारशे डॉलरांत भरून निघालं असतं. एक स्वस्त रायफल, एक लांबचा प्रवास, आणि तू पुन्हा मचाणावर. मी माफी मागत नव्हते, सौदा करत होते. तू तो मोडलास ते बरं केलंस. पण आता माझ्या हातात द्यायला काहीच राहिलं नाही, आणि ज्याची मी माफी मागायला हवी होती ते पडणं नव्हतंच. तो होता तो पहिला हिवाळा, ज्यात तुला दिसत होतं आणि मी कार्डावर फक्त नाव लिहीत होते.

ते परत आणता येत नाही. आमच्या खात्यात प्रत्येक चुकीची दुरुस्ती असते, निदान शेजारी लाल रेघ तरी मारता येते. इथे रेघ मारायलाही जागा नाही.

म्हणून दुपारी एक वेडेपणा केला. आरशासमोर बसले आणि माझा चेहरा तुला लिहून कळवायचा प्रयत्न केला. चार वेळा लिहिलं, त्यातलं खोटं खोडलं. उरलं ते असं. केस कानांवर पांढरे झाले आहेत, मी रंगवत नाही. हनुवटी आईची. दोन भुवयांच्या मध्ये एक उभी रेघ पडली आहे, ती नकाशे वाचून पडली असं मी लोकांना सांगते. डाव्या गालावर, हाडाच्या जागी, दस्त्यानं दिलेला पिवळट डाग अजून आहे, आता जवळजवळ गेला. डोळे तसेच आहेत. त्या रात्री ते तुझ्याकडे बघत नव्हते. एवढं मला नक्की आठवतं. आता बघतील. तू भिंतीकडे बघ, मी तुझ्याकडे बघेन.

एवढं लिहून पाकिटावर पत्ता घातला. आणि मग डोळ्यांसमोर आलं की हे क्लेम वाचणार. जाडा चष्मा लावून, अडखळत, "हनुवटी आईची" पाशी थांबून काहीतरी चेष्टा करणार, आणि तू त्याला गप्प रे म्हणणार. तो भला माणूस आहे. पण हे त्याच्या आवाजात तुझ्यापर्यंत जायला नको. पावणेतीन वर्षं मी कागदामागे लपले, आता दुसऱ्याच्या तोंडामागे लपणं होईल.

रजेचा अर्ज दिला आहे. नोव्हेंबरपर्यंत थांबत नाही.

आयली

उद्या: हे पत्र पेटीत टाकायचं नाही, गाडीत घालून उत्तरेला न्यायचं आणि मामाला स्वतः वाचून दाखवायचं.